ग्रामसभेसाठी तीन रंग

“इथे डोळा अडतोय.”

स्क्रीनपासून तीन पावलं मागे जायचं, डावा डोळा मिटायचा, अंगठा उंच धरून नकाशाचा एक तुकडा झाकायचा आणि हे वाक्य म्हणायचं. मग पुढचं ठरलेलं: “डोळा अडला की माणूस प्रश्न विचारतो. अडू देऊ नकोस.” तलासरीला हायवेलगतच्या आमच्या ऑफिसात सहा वर्षं मी हे माझ्या वरिष्ठाच्या तोंडून ऐकलं.

समोर असताना मी त्याला सर म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथे मी ‘तो’ म्हणणार आहे. तो जाऊन चार महिने झाले. शोकसभेत सगळे त्याच्याबद्दल गोड गोड बोलले. मालकांनी मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. घसा बसलाय म्हणून मी टाळलं. घसा ठणठणीत होता. तेव्हा गिळलेलं आता लिहिते आहे, आणि ते गोड नाही.

आमचं काम तुम्हाला थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा राग कळायचा नाही. मोजणीवाले जमिनीवर फिरून जागोजागची उंची टिपून आणतात. ती सॉफ्टवेअरमध्ये घातली की स्क्रीनवर जमिनीचा पृष्ठभाग उभा राहतो, चढ, उतार, खड्डे, सगळं. त्याला उंचीप्रमाणे रंग द्यायचे. सखल भागाला निळा, मग हिरवा, पिवळा, उंचाला तपकिरी. सॉफ्टवेअर आपलं आपलं आठ सारखे पट्टे पाडतं. पण पट्टा कुठून कुठवर, किती पट्टे, कुठला रंग, हे आपल्याला हवं तसं बदलता येतं. सगळी गोम तिथे आहे. एका टोकाला डोंगर असला की सारख्या पट्ट्यांत खालची सगळी वस्ती एकाच रंगात बुडते. खालचे पट्टे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे केले की तीच वस्ती घरागणिक दिसू लागते.

हे मला त्यानेच शिकवलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याने सायवनकडच्या एका जमिनीचा नकाशा उघडला आणि माझ्यासमोर तीनदा रंगवला. पहिल्यांदा ती जमीन सपाट दिसली, दुसऱ्यांदा उतारावरची, तिसऱ्यांदा मधोमध खड्डा पडलेली. “आकडा एक तरी बदलला का मी? तपास,” म्हणाला. मी तपासलं. एकही बदलला नव्हता. जत्रेत हातचलाखी बघावी तशी मी बघत राहिले आणि शेवटी चक्क टाळी वाजवली. ती टाळी आठवली की अजून कानशिलं तापतात.

त्याने रंगांचे संच तयार करून ठेवले होते आणि त्यांना नावं दिली होती. ‘शेठ’ संचात प्लॉट विकणाऱ्यांसाठी सगळं कोवळं हिरवं. ‘ठेकेदार’मध्ये वीतभर फरकालाही वेगळा रंग, म्हणजे भराव डोंगराएवढा वाटावा. ‘सरकार’मध्ये फिकट राखाडी, कुणाला झोप यावी असं. आणि ‘ग्रामसभा’. त्यात फक्त तीन रंग. “गावातल्या माणसाला चौथा रंग दिला की तो गोंधळतो,” असं त्याचं म्हणणं. गाव गोंधळत नाही, गाव विचारतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

गिऱ्हाइकाशी बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. वापीकडचे शेठ आले की गुजराती, मोजणीवाल्यांशी हिंदी, पंचायतीत मराठी, आणि प्रत्येक भाषेत तितकाच गुळगुळीत. एकदा एकाच जमिनीचे दोन नकाशे त्याने एकाच दिवशी काढले, एक विकणाऱ्याला, एक घेणाऱ्याला. मी विचारलं, खरा कोणता? “दोन्ही. जमीन तीच, गिऱ्हाईक वेगळं,” म्हणाला, आणि चहा बशीत ओतला.

मी डहाणूच्या खाडीकडची. घरी बोट आहे, आई सुकी मासळी विकते. डब्यात बोंबलाचं कालवण असायचं. मी झाकण काढलं रे काढलं की हा उठायचा, लांब पट्टीने खिडकीची फळी ढकलायचा आणि न बोलता परत बसायचा. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही. मीही हट्टाने बोंबीलच नेत राहिले.

आता उलटंही सांगते, नाहीतर मी त्याच्याच पंगतीला बसेन. माझ्या बाबांना बोटीवर चक्कर आली आणि अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा मी ऑफिसात होते. फोन ठेवेपर्यंत याने गाडी काढली होती. डहाणूला आला, बाबांना पाठीवर घेऊन आमच्या बोळातून रस्त्यापर्यंत आणलं, आणि दवाखान्यात दिवसभर माझ्या भावासारखा उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या शर्टाला आमच्या घरचा वास लागला होता आणि त्याने एकदाही नाक मुरडलं नाही. बाबा अजून त्याचं नाव काढतात. माणूस सरळ वाईट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

आता वेवजीच्या बाजूचा तो रस्ता. पाड्याचं नाव लिहीत नाही. अकरा घरं. एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला ओहोळ. रस्ता उंच करून नेमका पाडा आणि ओहोळ यांच्या मधून न्यायचा होता. पावसाचं पाणी आजवर पाड्यातून शेतात आणि शेतातून ओहोळात जायचं. रस्ता उंच झाला की ते अडणार, म्हणून रस्त्याखालून मोऱ्या हव्या होत्या. पाडा खरोखरच खोलगट असेल तर तीन मोऱ्या, नसेल तर एक. ठेक्याची रक्कम ठरलेली होती, मोरी कमी तेवढा नफा जास्त, म्हणून ठेकेदाराला एक हवी होती.

मी नकाशा केला. खालच्या भागात अर्ध्या मीटरचे पट्टे घेतले आणि अकरा घरं निळ्याशार परातीत बसल्यासारखी दिसली. तो तीन पावलं मागे गेला. डोळा मिटला. अंगठा बरोबर पाड्यावर ठेवला.

“इथे डोळा अडतोय. ‘ग्रामसभा’ लाव.”

मी म्हटलं, सर, पाडा शाळेपेक्षा दीड मीटर खाली आहे, तीन रंगांत तो दिसणारच नाही. तो म्हणाला, आकडे कोपऱ्यातल्या तक्त्यात आहेत की, ज्याला वाचायचे त्याने वाचावेत. तक्त्यातली अक्षरं मुंगीएवढी होती. मी वाद घातला नाही. संच निवडला, बटण दाबलं, पाडा आणि शाळा एका हिरव्यात गेले. ते बटण माझ्या बोटाने दाबलं गेलं, हे इथेच नोंदवून ठेवते.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. नकाशा भिंतीला लावला होता आणि शेजारी मी उभी. बाकी लोक लांबून बघत होते. एक म्हातारी तेवढी उठून जवळ आली. गवत कापून तशीच आलेली, कोयता कमरेला. हिचं घर ओहोळाकडून पहिलं, हे मला मोजणीवाल्यांच्या फोटोंवरून माहीत होतं.

“बाय, आमचा पाडा कुठं हाय यात?”

मी बोट ठेवलं. मग तिने शाळा विचारली. तीही दाखवली. तिने दोन्हीकडे पुन्हा पुन्हा पाहिलं.

“दोनीचा रंग तर एकच हाय. मंग शाळंत पानी का नाय येत?”

लोक हसले. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीवरून उठला, पुढे आला आणि तिला वाकून हात जोडले. “आजी, हे उपग्रहावरून मोजलेलं आहे. यात माणसाची चूक होत नाही.” म्हातारीने एकदा वर आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी नकाशाचा निसटलेला कोपरा भिंतीला दाबण्यात गुंतल्याचं दाखवलं. ती मागे जाऊन बसली. एका मोरीला लोकांनी हात वर केले. तिचा हात वर होता की नाही, ते मी पाहिलं नाही.

रस्ता उन्हाळ्यात झाला. जुलैत पाणी आलं. दोन दिवस अकरा घरची माणसं त्याच शाळेच्या व्हरांड्यात राहिली. माणूस दगावलं नाही. कणग्यांतलं भात भिजलं, त्याला मोड आले, कोंबड्या गेल्या, आणि म्हातारीच्या घराची ओहोळाकडची भिंत बसली. मोजणीवाल्याने फोटो पाठवले. मी ते त्याच्या टेबलावर फोनसकट ठेवले. त्याने एक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, बराच वेळ पाहिला.

“पाऊस जास्त झाला या वर्षी,” म्हणाला, आणि दुसरं ड्रॉइंग उघडायला सांगितलं.

मी उघडलं. नोकरी सोडली नाही. बाबांची औषधं होती, ही सबब खरी आहे, पण सबबच आहे. एवढंच केलं की त्याच्याशी कामापलीकडे बोलणं बंद केलं. त्याला ते जाणवलं की नाही देव जाणे. त्याने खिडकी उघडणं मात्र चालू ठेवलं.

एका सकाळी तो आलाच नाही. अंघोळीला गेला तो तिथेच कोसळला, असा फोन आला. मला रडू आलं, आणि आलं याचा राग आला.

महिन्याभराने मालकांनी त्याचा कॉम्प्युटर मला आवरायला सांगितला. जुन्या कामांच्या फायली एकेक करून उघडत होते. ‘शेठ’, ‘ठेकेदार’, ‘सरकार’, ‘ग्रामसभा’. आणि प्रत्येक फाइलमध्ये त्यांच्या खाली पाचवा एक संच. त्याचं नाव ‘माझा’.

पाड्याच्या फाइलला मी तो लावला. मी सहा वर्षं हे काम केलंय, पण असं काम मला येत नाही. पट्टे सारखे नव्हतेच. डोंगराला एकच रुंद पट्टा, आणि खाली उतरता उतरता ते बारीक होत गेलेले, पाड्यात तर वीत-वीतभराचे. एकेका घराचं जोतं वेगळं दिसत होतं. पाणी कुठून शिरेल, कुठे वळेल, कुठे थांबेल, ते न सांगता कळत होतं. ओहोळाकडचं पहिलं घर सगळ्यात गडद निळ्यात होतं. फाइलमधल्या तारखेप्रमाणे हा संच ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सेव्ह केलेला होता.

तुमच्यातलं कुणी म्हणेल, बघा, मनातून माणूस चांगला होता. मीही दोन दिवस तसं म्हणून पाहिलं. नाही जमलं. त्याला समजत नव्हतं, घाईत चूक झाली, ठेकेदाराने फसवलं, यातलं काहीही असतं तर मी माफ केलं असतं. त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसत होतं. आधी त्याने ते स्वतःसाठी नीट बघून घेतलं, आणि मग जाऊन हात जोडले. इतका सुरेख नकाशा त्याने फाइलमध्ये का ठेवला, पुरावा म्हणून, हौस म्हणून की टोचणी म्हणून, ते आता विचारायचं कुणाला? मला तो नकाशा आवडतो, आणि तो काढणाऱ्याला मी माफ करणार नाही.

मी तो मोठ्या कागदावर छापला, मालकांना न विचारता. एसटीने गेले, उरलेलं अंतर चालले. म्हातारी बसलेल्या भिंतीच्या जागी कुडाची भिंत घालत होती. तिने मला ओळखलं. हात पुसून ओटीवर बसली. मी कागद तिच्यापुढे पसरला आणि या वेळी बोट ठेवलं नाही.

तिने आधी ओहोळ शोधला. मग बोट हळूहळू वर सरकवत नेलं आणि गडद निळ्यात थांबवलं.

“ही माझी चूल,” ती म्हणाली. मग शेजारच्यांची घरं एकेक करून नावानिशी सांगितली, अकराही, एकही न चुकता.

“कोनी काढला हा?”

“आमच्या सरांनी.”

“त्या हात जोडले त्या सायबानं?”

“हो. ते आता नाहीत.”

तिने मान हलवली. “म्हंजे त्याला दिसत होतं.”

“हो.”

“आन तुला?”

मी म्हटलं, “मलाही, आजी.”

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिने कागदाची नीट गुंडाळी केली, पदराच्या काठाची चिंधी फाडून ती बांधली आणि आत नेऊन आढ्याला खोचली. मी म्हटलं, पुढच्या ग्रामसभेत मोऱ्यांचा अर्ज देऊ, मी येईन, नकाशा समजावून सांगेन.

“मी नेईन तो,” ती म्हणाली. “तू नको येऊ.”