गल्लीकडचं फाटक

चौगुलेबाई मोकळ्या जागेत वाकून चालायच्या. शाळेशेजारची ती पडीक जमीन. गाजरगवत, फुटक्या विटा आणि वर नुसतं आभाळ. पण चालता चालता बाई मध्येच मान खाली घालत, पदर सावरत आणि मला म्हणत, "आण्णा, वाका की. जांभळाची फांदी हाय." मीही वाकायचो.

बाईंनी जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळला, मी त्याच शाळेचं कार्यालय. दोघंही निवृत्त. एमआयडीसीतल्या एका कारखान्याकडून बागेसाठी अनुदान मिळणार असं ठरल्यावर शाळेनं बाग कशी असावी ते बाईंवर सोपवलं आणि पत्रव्यवहार माझ्यावर. बागेतल्या उद्घाटनाच्या फरशीवर आज माझं एकट्याचं नाव आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आराखडा त्यांनी कागदावर कधी काढलाच नाही. उन्हं कलली की पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन त्या जमिनीवरच वाफे आखायच्या. कुणी वाटसरू आडवा गेला की ओरडायच्या, "ओ पावणं, मेथी तुडवू नका!" तो दचकून पायांखाली बघायचा. त्यांचं बोलणं ऐकत बसलं की मला खरोखर गारवा वाटायचा, पानं सळसळल्यासारखी वाटायची. एकदा म्हणाल्या, "मी जरा पडतो इथं. सावली हाय तोवर." आणि उन्हातच पदर तोंडावर घेऊन शांत झोपी गेल्या.

एका गोष्टीवर मात्र त्या हटून बसल्या होत्या. बागेला मागच्या गल्लीकडून फाटक हवं, आणि फाटकालगत कढीपत्ता. "बाईमाणसानं तेल तापत ठेवावं, येऊन चार पानं तोडावी आणि फोडणीला परत जावं. शाळेला वळसा घालून आली तर तेल पेटंल की! मग ती बाग शाळेची झाली, गल्लीची न्हवं."

कारखान्याच्या माणसांनी जागा पाहिली आणि फाटकाला नकार दिला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी मागं सलग भिंत हवी. कबूल असेल तरच पुढं जाऊ. बाईंना न विचारता मी हो म्हणालो.

भिंत वर येऊ लागली तशा गल्लीतल्या बायका माझ्या दारात आल्या. पुढं शेवंता. तिच्या तोंडाला सगळा भाग भ्यायचा.

"आण्णा, आमची वाट कुणी बंद केली ते सांगा आदी!"

त्यातल्या बहुतेकींना बाईंनीच हाताला धरून अक्षर शिकवलं होतं. त्यांचं नाव घेतलं की भांडण मिटेल, असं मला वाटलं. म्हणालो, "बाईंनीच ठरवलं."

भांडण मिटलं. पण गल्ली बाईंशी बोलेनाशी झाली. त्यांना हाक मारून गरम भाकरी देणारी शेवंता आता त्या दिसल्या की दार ओढून घ्यायची. शेवटी मीच बाईंना जाऊन सगळं सांगितलं.

"माझंच नाव का सुचलं, आण्णा?"

"तुमचं ऐकतात म्हणून."

"ऐकत हुत्या," त्या म्हणाल्या. "आता गप बसा. भांडण पेटलं तर त्ये लोक हात काडून घेतील आन् झाडं लावायची ऱ्हातील. झाडं लागू देत, मग तुमच्या तोंडानं सांगा."

झाडं लागली. जांभळाला पालवी फुटली. उद्घाटनाला शाल माझ्या खांद्यावर पडली. आज सांगू, उद्या सांगू करत मी राहिलो. बाई रोज येऊन कढीपत्त्याला पाणी घालायच्या. भिंतीपलीकडं कुणाची फोडणी चुरचुरली की तांब्या हातात तसाच धरून ऐकत उभ्या राहायच्या, जणू त्या आवाजामागोमाग कुणी येणारच आहे. गेल्या थंडीत त्या झोपेतच गेल्या.

त्यानंतर मी गल्लीत गेलो. शेवंता दारात भांडी घासत होती. म्हणालो, "वाट बाईंनी नाही, मी बंद केली." मला वाटलं होतं, ती सगळी गल्ली गोळा करेल. तिनं हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं.

"आण्णा," ती म्हणाली, "आमच्यातलं एकबी माणूस बाईंच्या मातीला गेलं न्हाय."