नारळ कोणी फोडला

कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं तेव्हा आत तिच्या चार साड्या होत्या. पत्नी जाऊन पाच महिने झाले होते. साड्या धुऊन हुपरीला तिच्या बहिणीकडे पोचवायच्या, असं कितीतरी दिवस नुसतं ठरवत होतो. एकदाचं बटण दाबलं, तर मशीन अर्ध्यातच थांबलं. साड्या बाहेर काढून हातानं पिळल्या. ओल्या साडीला इतकं वजन असतं हे मला माहीत नव्हतं.

मशीन गेल्या दसऱ्याला घेतलेलं, वॉरंटी दोन वर्षांची. पावती आणि कार्ड तिच्याच नावावर. माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं, बारीक अक्षराचा मला कंटाळा नाही. कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडमना फोन देता का?" मी काय ते सांगितलं. ती म्हणाली, तक्रार नोंदवायला मॅडमच्या मोबाईलवर आलेला ओटीपी लागेल. तो फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. आकडे वाचून दाखवले.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. चाळिशीचा, कसबा बावड्याचा, तोंडानं मोकळा. त्यानं बटणांची पट्टी उघडली, आत बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"काका, नारळ फोडलासा न्हवं हेच्यावर?"

मी वॉरंटीचं कार्ड पुढे केलं.

"साधं पाणी असतं तर वाळलं असतं. हे चिकाट हाय बघा, आत गंज धरलाय. दसऱ्याच्या मशिनी उन्हाळ्यात बोंबलत्यात. पूजा देवाची आणि वॉरंटी आमची!"

त्यानं मोबाईलवर अहवाल भरला आणि माझ्यापुढे धरला. ग्राहकाचं नाव तिचं. खाली लिहिलं होतं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे आत पाणी गेले. वॉरंटी लागू नाही.

निष्काळजीपणा. या बाईनं मिक्सरलासुद्धा कापडी झबलं शिवलं होतं. दुरुस्तीच्या खर्चाचं मला काही वाटलं नाही. पण तिच्या नावाखाली शेवटचं कुणी काही लिहिलं असेल तर ते हे, आणि ते पुसायला ती नव्हती.

संध्याकाळी शेजारी आले. त्यांचा शिरोली एमआयडीसीत कारखाना आहे. ऐकून तापलेच. "सर, सोडायचं न्हाय. ग्राहक आयोगात जायाचं. नारळ फोडताना कंपनीनं बघितलंय व्हय? बिघाड पहिल्यापासनंच हुता म्हणायचं. सिद्ध करू दे त्यांना."

मला ते पटलं. दोन दिवस कायदा वाचला. वस्तूतला दोष कशाला म्हणतात, सेवेतली त्रुटी कशाला, हे टिपून ठेवलं. तक्रारीचा मसुदा चांगला झाला होता. तिच्या काळजीपूर्वक स्वभावावरच एक पूर्ण परिच्छेद होता. मग शपथपत्राचा कागद पुढे घेतला. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, एवढंच लिहायचं होतं. तिथे पेन थांबलं.

कारण त्या दसऱ्याला शेजारी सोनं द्यायला आले तेव्हा ती मशीनला कुंकू लावत होती. माझ्या हातात नारळ होता. ती म्हणाली, "अहो, पायरीवर फोडा. पाणी आत जाईल."

"न्हाय वहिनी," शेजारी म्हणाले, "यंत्राचा नारळ यंत्रावरच फोडायचा असतोय. आमच्या कारखान्यात दर मशीनवर फोडतोय, एक बंद पडलं न्हाय."

त्यांची मशिनं लोखंडाची. आमचं प्लॅस्टिकचं. माहितीपुस्तक मी सकाळीच वाचलेलं, आणि तरीही नारळ मशीनवर धरून हातोडी मारली. ती फडकं आणायला धावली.

आयोगात जात नाही, असं शेजाऱ्यांना सांगितलं. का, तेही सांगितलं.

"यंत्रावर फोडा असं मी म्हटलो हुतो व्हय?" ते म्हणाले. मग उठताना: "लै साधं हाईसा तुम्ही."

कंपनीला पुन्हा फोन केला. अहवालातलं ते वाक्य बदलून द्या म्हटलं. मुलगी म्हणाली, तो अहवाल बंद झाला, आता पैसे भरून दुरुस्ती केली तरच नवा निघेल. करा म्हटलं.

तोच मेकॅनिक आला. पट्टी बदलली, मोबाईल काढला. कारणाच्या रकान्यात मी सांगतो ते लिहा, असं मी म्हटलं.

"सांगा की."

"पत्नीने नको म्हटले होते. नारळ पतीने फोडला."

त्यानं मान वर केली. "काका, लोकं पोराचं नाव सांगत्यात, सुनंचं सांगत्यात. सोताचं कोण सांगत न्हाय. आणि हे लिहून तुमास्नी काय मिळणार?"

"लिहा तुम्ही."

एका बोटानं तो लिहीत राहिला. मग थांबला. "रकान्यात बसंना झालंय सगळं. वॉरंटीचं वाक्य काढतो. पैसे भरलेत म्हणजे ते आलंच."

त्यानं मोबाईल माझ्याकडे दिला. नाव तिचंच होतं. खाली दोन वाक्यं होती. मी ती दोनदा वाचली आणि काचेवर बोटानं सही केली. सही वाकडी आली.

"चालवून बघूया की, कपडे टाका," तो म्हणाला.

धुवायला काही नव्हतं. रिकामंच लावलं. पाणी भरल्याचा आवाज आला, मग ते फिरायला लागलं.