शेषरावचा सांधा

आता सगळे निवळले आहे, म्हणून लिहायला बसलो. एरवी माझे लिहिणे म्हणजे पोस्टातल्या नोंदवह्या. तीस वर्षे त्या लिहिल्या आणि निवृत्त झालो. त्यापुढे कधी पेन उचलले नाही. शेषरावबद्दल लिहायला माझ्यापेक्षा चांगला माणूस मंगरूळपीरमध्ये नक्कीच सापडेल. पण त्या प्रकरणात मी त्याच्या दुकानातल्या ज्या बाकावर बसलो होतो, त्यावर दुसरे कोणी नव्हते.

शेषराव पडघान हा मूळचा इंझोरीचा. वय एकाहत्तर. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचे दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याखालची एक खोली. पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. पेट्या, ढोलक, एखादे बुलबुलतरंग त्याच्याकडे दुरुस्तीला येतात. तरुणपणी तो भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचा. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून मेडशीपासून कारंज्यापर्यंत फिरला. पुढे अकोल्याला एका कारागिराच्या हाताखाली सात वर्षे काढून हे काम शिकला. तो कमी बोलतो. काम देताना माणसाला एवढेच सांगतो, "झालं. न्या." लोकही काही न विचारता नेतात. चाळीस वर्षे हे असेच चालले आहे.

अलीकडे त्याच्या डोळ्यांत थोडे धुके आले आहे आणि उजवा हात सकाळी कापतो. हे तो कोणाला सांगत नाही. त्याची बायको भागिरथा मात्र सगळ्यांना सांगते.

मागच्या हिवाळ्यात श्रेयांस एक गिटार घेऊन आला. श्रेयांस म्हणजे कापड दुकानवाल्या कस्तुरचंदांचा मुलगा. कस्तुरचंद वारले, आता दुकान तोच पाहतो. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली गिटार अनेक वर्षे कपाटावर पडून होती. तारा ज्या लाकडी ठोकळ्याला अडकवतात तो ठोकळा, ज्याला ब्रिज म्हणतात, तो उन्हाळ्यांनी पोटापासून सुटला होता. शेषरावने जुना सरस खरवडून काढला, नवा सरस गरम करून लावला आणि ठोकळा शिकंज्यात आवळून ठेवला. दोन दिवस. मी बाकावर पेपर वाचत होतो. शिकंजा मला दिसत होता.

दुरुस्त झालेली गिटार श्रेयांसने वाजवली नाहीच. त्याची आई अंगुरीबाई यांना मंदिरातल्या बायकांच्या भजनासाठी पेटी हवी होती. इंझोरीच्या संघपालकडे एक जास्तीची पेटी होती. संघपाल स्लॅबसाठी फळ्या बांधायचे, सेंट्रिंगचे काम करतो, आणि त्याची बायको रूपा पार्टीत गाते. त्याला पार्टीत गिटार हवी होती, कारण हल्ली लोकांना तीही ऐकायची असते. तेव्हा अदलाबदल झाली. पेटी इकडे, गिटार तिकडे. श्रेयांस म्हणाला, "ब्रिज सुटला होता, पन शेषरावकाकानं पक्का बसवून देला हाये." शेषरावचे नाव ऐकून संघपालने पुढे काही विचारले नाही.

वैशाखाच्या उन्हात, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर आठवड्याने, संघपाल श्रेयांसला घेऊन दुकानात आला. गिटार चादरीत गुंडाळली होती. चादर सोडली तर ठोकळा तारांना लोंबत होता.

"जयभीम मामा," संघपाल म्हणाला, पण आवाजात ओलावा नव्हता. "हे पाहा तुमची दुरुस्ती. मेडशीच्या स्टेजवर, चारशे लोकायपुढं, धाडकन उखडला. रूपा गाऊन राह्यली, अन् मी तारा धरून उभा!"

शेषराव उठला. त्याने हात पुढे केला.

"राहू द्या. आता तुमी याले हात नोका लावू." संघपालने गिटार मागे ओढली. "तुमी दुरुस्ती केलीच नाई. वरून रंग मारला अन् देऊन देली. मले माही पेटी वापस पाह्यजे."

श्रेयांस म्हणाला, "काका, मी त तुमच्या भरवशावर सांगतलं ना त्याले. केली व्हती न तुमी दुरुस्ती?"

"केली व्हती," शेषराव म्हणाला. पण हळू म्हणाला.

मग श्रेयांस माझ्याकडे वळला. "तुमी त रोज इथंच बसता. तुमी पाह्यलं का करतांना?"

आणि मी म्हणालो, "पाहिलं असेल."

मला हे लिहितानाही बरे वाटत नाही. शिकंजा मी पाहिला होता. पण तो याच गिटारीवर होता की दुसऱ्या कशावर, दोन दिवस होता की एक, असले प्रश्न माझ्या डोक्यात एकदम उभे राहिले. मला नेहमी असेच होते. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परततो. संघपाल म्हणाला, "घ्या! बाजूच्या मानसालेई नाई माईत." ठरले असे की गिटार श्रेयांसच्या घरी राहील आणि रविवारी संघपाल पेटी परत नेईल.

ते गेल्यावर शेषराव बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. मग म्हणाला, "माहा सांधा सुटला असंन, त मंग हे दुकान बंद. हात गेल्यावर कायले लोकायच्या वस्तू खराब करा?"

मी म्हणालो, "असं काही नसेल."

"तुले काय माईत? तूच त म्हनला, पाह्यलं असंन."

दुसऱ्या दिवशी एकजण ढोलक घेऊन आला, त्याला त्याने परत पाठवले. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलेच नाही. मी घरी गेलो तर भागिरथा ओट्यावर तूर निवडत होती. "या भाऊजी. तुमचा दोस्त आत बसून हात पाहून राह्यला. जसं काई हातावर नशीब लिवलं हाये. म्या म्हनलं, चाळीस वर्सं त्या हाताचं खाल्लं, एक ठोकळा निंघाला त काय झालं! पन आयकते कोन?" आतून शेषराव काही बोलला नाही. एरवी तो तिला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

रविवारी सकाळी अंगुरीबाईंनीच निरोप पाठवला. पेटी घरातून जाणार तर ज्या शेषरावच्या नावाच्या भरवशावर ती आली त्यानेही समोर असावे, घेणे-देणे तोंडावर व्हावे, म्हणजे मागून कोणी बोलायला नको. शेषराव जायला तयार नव्हता. भागिरथाने त्याच्या हातात धुतलेला सदरा दिला. मला म्हणाली, "तुमी बी जा. अन् बसून राहा तसेच, गुपचूप." हा टोला मला बरोबर लागला.

बैठकीत पेटी कापडाने झाकून ठेवली होती. अंगुरीबाई तिच्याजवळ बसल्या होत्या. त्यांना दोन भजने बसली होती, तिसरे अर्धे झाले होते. संघपाल दाराजवळ, गिटार भिंतीला टेकून. चहा आला. 

शेषरावने कप खाली ठेवला. "संघपाल, पेटी तू नेच. पन मले एक डाव ती गिटार पाहू दे. हात लावू देत नसशीन त तूच धर."

संघपालने गिटार आणून त्याच्या पुढे धरली. शेषरावने चष्मा काढून बाजूला ठेवला. मला वाटले, आता हा पाहणार तरी काय? त्याने डोळे मिटले आणि सुटलेल्या ठोकळ्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवले. मग गिटारीच्या पोटावर, जिथून ठोकळा निघाला होता तिथे. पुन्हा ठोकळ्यावर. त्याचे बोट थांबले, आणि मला दिसले की त्याचे खांदे खाली आले.

"संघपाल, बोट लाव इथं. काय लागते?"

"खरबड लागते."

"काय चिकटून हाये त्याले?"

संघपालने ठोकळा उजेडात धरला. "लाकूड. पिवळं लाकूड. गिटारीचंच हाये हे."

"अन् पोटावर?"

"खड्डा हाये."

"तू सेंट्रिंग करतं. फळी कांक्रीटवरून काढतांना नुसती सुटली त कशी निंघते?"

"साफ निंघते."

"अन् चिकटून राह्यली, तू पहार लावून वढली, मंग?"

संघपालने ठोकळा पुन्हा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "मंग फळी फाटते. साल तथीच राहते."

"माहा सरस नाई सुटला लेका. तो तसाच धरून हाये. लाकूड फाटलं." शेषरावने चहाचा रिकामा कप उचलून तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

श्रेयांस म्हणाला, "पन लाकूड काहून फाटंन काका?"

"ते यानंच सांगावं. रूपा कोन्त्या पट्टीत गाते रे?"

"काळी तीन."

"अन् तू गिटार कशी लावतं?"

"कशी म्हंजे? पेटीची काळी तीन दाबून ठेवतो अन् तार चढवतो, मिळत पावतर. ढोलकई तशीच चढवतो, सगळंच. पेटी त काई खाली येत नाई ना मामा, दुसऱ्यालेच वर जावं लागते."

"बारीक तारा तुटल्या असतीन."

"दोनदा तुटल्या. मंग अकोल्याहून जाड्या आनून टाकल्या. त्या नाई तुटल्या."

शेषराव हसायला लागला. इतक्या दिवसांनी. "त्या कशा तुटतीन? त्यायनं ठोकळाच उपटला! अरे, गिटार पांढरी तीनची असते. तू तिले दोन सूर वर वढली, वरून तारा जाड्या. सहा बैल एका खुट्याले बांधले अन् म्हनतं खुटा कच्चा!"

संघपाल डोके खाजवत म्हणाला, "मंग गिटारवाले काय करतात? रूपाले काय खाली गा म्हनू? ती मलेच घरातून काढंन."

"चिमटा असते एक. गळ्यावर लावला का सूर आपोआप वर जाते. तारीवर जोर येत नाई."

श्रेयांस एकदम म्हणाला, "माह्या डब्यात व्हता की तसा! गिटारीसोबतच आला व्हता, काळा, स्प्रिंगवाला. मी वापरलाच नाई. कुठी गेला तो?" आणि आईकडे पाहिले.

अंगुरीबाई उठल्या, आत गेल्या, आणि मुगाच्या पापडांची पिशवी घेऊन आल्या. पिशवीच्या तोंडाला तो चिमटा घट्ट लावलेला होता. "हा का? मले वाटलं पिशवीचा हाये. किती छान धरते हा, एकई पापड सादळला नाई."

मग कोणालाच आवरेना. संघपाल भिंतीला टेकून हसत होता. अंगुरीबाई आधी ओशाळल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या. पिशवीला त्यांनी दोरा बांधला आणि चिमटा संघपालच्या हातात दिला.

हसू ओसरल्यावर शेषराव म्हणाला, "चूक माही बी हाये. पेटी आली का मी पह्यलं विचारतो, गानारा कोन, पट्टी कोन्ती. गिटारीले विचारलंच नाई. मले वाटलं कपाटावरच राहीन ती." श्रेयांस म्हणाला, "काका, तेवढं खरं हाये," आणि पुन्हा हसला.

ठरले ते असे: पेटी अंगुरीबाईंकडेच राहील. शेषराव खड्डा पातळ लाकडाने भरून ठोकळा पुन्हा बसवेल, आतून दोन स्क्रू देईल. संघपाल बारीक तारा टाकेल आणि गिटार पांढरी तीनवरच ठेवेल. अंगुरीबाईंनी पेटीवरचे कापड लगेच काढून टाकले, जणू कोणाचे मन पुन्हा फिरायला नको.

निघताना संघपाल दारात घोटाळला. "मामा, त्या दिवशी मी तुमाले हात लावू देला नाई..."

"आता देतं ना?"

"आता तुमीच न्या." त्याने गिटार चादरीत गुंडाळून शेषरावच्या काखेत दिली. "पन पंधरा दिवसांत पाह्यजे बरं. इंझोरीचा कार्यक्रम हाये."

"आठात देतो."

आम्ही दोघे उन्हातून परत निघालो. गिटार तो मला उचलू देईना. दर्ग्याच्या रस्त्यावर मी कसेबसे म्हणालो, "शेषराव, मी पाहिलं होतं. शिकंजा दोन दिवस होता. पक्कं पाहिलं होतं."

"मले कायले सांगतं? तवा त्यायले सांगाचं!" तो म्हणाला. पण रागाने नाही. थोडे पुढे गेल्यावर तो थांबला, गिटार दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाला, "खरं सांगू का? मले बी पक्कं नव्हतं. चार दिवस मी हेच आठवत व्हतो, सरस गरम केला व्हता का तसाच लावला. बोट लागत पावतर मले माईत नव्हतं."

इतके हलके मला पुष्कळ दिवसांत वाटले नव्हते. रविवार असूनही त्याने दुकानाचे कुलूप काढले आणि सरसाची वाटी शोधायला लागला.