शब्दाशब्दाला थांबा

पुढचं पान घ्यायच्या आधी मास्तर बोट जिभेला लावायचे. कागदाचं पान असतं तर मी काही बोललो नसतो. पण हे यंत्रातलं पान होतं, बटण दाबलं की बदलणारं. तरीही आधी बोट जिभेला, मग बटणाला, आणि तोंडानं हळूच, "पुढं चला, पुढं जागा हाय."

आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. तुम्ही इतकी वर्षं एसटीनं फिरलात, तुम्हाला एका तरी कंडक्टरचं नाव आठवतं का? मग.

माझं मोबाईलचं दुकान परभणीत, बसस्टँडच्या समोर. स्टँडवरून निघालेला माणूस रस्ता ओलांडेपर्यंत मी ओळखतो की याची काच फुटलीय, याची बॅटरी फुगलीय आणि याची बायको फोन उचलत नाही. मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा मात्र माझा अंदाज चुकला. त्यांच्या हातात फोनच नव्हता. त्यांनी काउंटरवर उजव्या हाताचं बोट ठेवलं आणि म्हणाले, "शेट, हे बोट बगा."

मी पाहिलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या बोटावर एक रेघ नव्हती. सगळा जन्म थुंकी लावून तिकिटं फाडलेली. बोट नव्हतंच ते, गोटी होती. अख्ख्या परभणी जिल्ह्यात खून करून सुटू शकेल असा तो एकच माणूस, आणि त्यानं आयुष्यात मुंगीसुद्धा बिनतिकीट चिरडली नसेल.

"पेन्शनीसाठी हयातीचा दाखला काढायला गेलो," मास्तर म्हणाले. "तीनदा बोट ठिवलं. यंत्र म्हणायलंय हा माणूस न्हाई. आता मला असं यंत्र पायजे, ज्याला मी हाय असं वाटतं."

"कशाचं यंत्र?"

"पुस्तक वाचायचं. फोन न्हाई, निस्तं पुस्तक. अक्षर मोठं करता यायला पायजे. कागदावरची अक्षरं मुंग्या झाल्यात. मी वाचायला बसलो की त्या चालत जायल्यात."

त्यांचा एक डोळा डेपोत जमा झाला होता, हे त्यांचेच शब्द, आणि दुसरा शेवटच्या फेऱ्या मारत होता. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. एकुलती लेक नांदेडला, तिच्या संसारात. बायको गेल्यापासून मास्तर घरात मोठ्यानं वाचायचे. घरात एक तरी आवाज पाहिजे म्हणून. आता मुंग्या चालू लागल्यावर तो आवाजही बंद पडायला आला होता.

मी दुकानदार. समोरच्याचं दुःख ऐकता ऐकता माझा हात आपोआप महागाच्या खोक्याकडं जातो. मी दहा इंची टॅब्लेट काढला. इतका गुळगुळीत की वरून माशी घसरून पडावी. मास्तरांनी तो उचलला आणि सरळ दुकानाबाहेर जाऊन मे महिन्याच्या उन्हात उभे राहिले. दोन मिनिटांत परत आले.

"ह्याच्यात तर मीच दिसायलोय."

"ऊन आहे मास्तर. काच चमकते."

"मला मी कशाला पायजे? घरी मी लय हाय."

तो टॅब्लेट मी मुकाट्यानं खोक्यात घातला. मग मी त्यांना फोनमधली बाई ऐकवली, जी मजकूर वाचून दाखवते. त्यांनी मान तिरकी करून गोष्टीचं एक अख्खं पान ऐकलं. त्या पानात एक म्हातारा मरत होता. बाईनं त्याला मारलं आणि त्याच सुरात पान क्रमांक सांगितला. मास्तरांनी फोन माझ्याकडं सरकवला. "ही बाई लय शिकलेली हाय. पर हिच्या गाडीत कोण बसलंय आणि कोण उतरलं, हिला पत्ता न्हाई."

त्यानंतर आठ महिने, माझ्या हिशेबानं आठ वर्षं, ते यंत्र शोधत राहिले. माझ्याकडं येणारं, मी मागवलेलं, गिऱ्हाइकाचं दुरुस्तीला आलेलं, काही सोडलं नाही. त्यांच्या अटी ठरलेल्या. एका पेन्शनीत बसलं पाहिजे. उन्हात दिसलं पाहिजे. पडद्याला बोट लावून चालणारं नको, कारण पडदासुद्धा त्यांच्या बोटाला ओळखायचा नाही. बाजूला खरं, दाबता येणारं बटण पाहिजे. यंत्र हातात घेऊन ते दोन पाय फाकवून उभे राहायचे आणि डावी-उजवीकडं डुलायचे. गाडी हलल्याशिवाय त्यांना वाचता यायचं नाही. दुकानातली गिऱ्हाइकं घाबरायची. एका बाईनं तर त्यांना पाणी दिलं.

आणि सगळ्यात शेवटी मराठीची परीक्षा. स्वस्तातली यंत्रं इंग्रजी फाडफाड दाखवतात आणि मराठी आलं की त्यांचे दात पडतात. मास्तर म्हणायचे, "ज्येष्ठ लिवा." एसटीत पुढच्या सीटवर लिहिलेलं असतं ना, ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव, ते. मी लिहायचो. यंत्रात ज वेगळा, पाय मोडलेला ष वेगळा, ठ कुठंतरी लांब एकटाच. "म्हाताऱ्याचे तुकडे केले की हो," म्हणत ते यंत्र परत करायचे.

शेवटी एक बँकेतली बाई बदली होऊन चालली होती. तिनं तिचं जुनं यंत्र माझ्याकडं विकायला ठेवलं. राखाडी रंग, एका कोपऱ्याला चरा, आत दिवा नाही, दोन्ही बाजूंना बाण काढलेली बटणं, एक पुढं जायचं, एक मागं. पडदा कागदासारखा कोरडा. मास्तरांनी ते उन्हात नेलं. डुलले. ज्येष्ठ लिहायला लावलं. ज्येष्ठ अखंड उभा राहिला.

"ह्याला दिवा नाही मास्तर," मी म्हणालो. तुम्हाला सांगतो, आयुष्यात मालाची खोड स्वतःहून सांगण्याची माझी ती पहिली वेळ.

"दिवस हाय की," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून माझ्या दुकानासमोरच्या बाकावर ते सकाळी बसायचे ते ऊन उतरेपर्यंत. लॅपटॉपवरून पुस्तकं भरायचं काम माझं. वाचायचे मोठ्यानं, पण इतकंच की शेजारच्याला ऐकू यावं. गाडीची वाट पाहणारी माणसं उन्हातून या सावलीला यायची आणि ऐकता ऐकता त्यांची गाडी निघून जायची. एकदा ताडकळसच्या एका आजीच्या तीन गाड्या चुकल्या. बाजाराची भाजी पिशवीत सुकून गेली. शेवटी उठताना ती मास्तरांना म्हणाली, "लेकरा, ती सून नांदती का न्हाई एवढं सांग, मी जाते." लेकराचं वय सत्तरीच्या घरात.

यंत्राच्या तळाला किती टक्के पुस्तक झालं ते येतं. मास्तरांना टक्के कळायचे नाहीत, किंवा कळून घ्यायचे नव्हते. त्यांची सगळी नोकरी परभणी-गंगाखेड रस्त्यावर गेलेली. म्हणून पुस्तक परभणीला सुरू व्हायचं आणि गंगाखेडला संपायचं. मी विचारायचो, "कुठवर आली गाडी?" ते तळाचा आकडा पाहून सांगायचे, "सिंगणापूर गेलं." चाळिसाच्या पुढं पोखर्णी. पोखर्णीला ते यंत्र कपाळाला लावायचे, नरसिंहाचं गाव म्हणून. मग दैठणा, मग खळी, मग गोदावरीचा पूल. पूल त्यांच्या हिशेबात पंच्याण्णव टक्क्यांवर होता. किलोमीटरच्या हिशेबात नसेल, पण कंडक्टर तुम्ही होता का ते?

पुलावर आलं की ते यंत्र माझ्यासमोर ठेवायचे. "शेट, दुसरं टाका."

बरेच दिवस मला वाटलं पुस्तक झालं. एकदा सहज यादी पाहिली तर एकही पुस्तक पूर्ण नाही. सगळी पंच्याण्णव, शहाण्णव. एक सत्त्याण्णव, तिथं बहुतेक ब्रेक लागला नसेल.

"मास्तर, गंगाखेड कामून करत नाही तुम्ही?"

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पुलावर आलं की लोकं उठत्यात. पिशव्या काढत्यात. तवर गाडी भरलेली असती बगा. गंगाखेडला सगळे उतरतेत. मंग कंडक्टरला मागून पुढपर्यंत एकेक सीट पहावी लागती, कुणाचं काय राहिलं का. सीटा गरम असत्यात शेट. माणूस नसतं."

मी त्यांचं यंत्र लॅपटॉपला लावलं.

"घरी गेलो की ही विचारायची, आज काय राहिलं गाडीत? रोज. मी सांगायचो, एक चप्पल. एक दिवस टोपी. एकदा जित्ती कोंबडी राहिली होती, ती तर चार दिवस हसायली. आता पुस्तक संपवून, सीटा बगून, कुणाला सांगू काय राहिलं ते?"

मी दुसरं पुस्तक टाकलं.

पुढं डोळा आणखी खाली गेला. मास्तर म्हणायचे, "जरासीक मोठं करा," मी अक्षर एक घर वाढवायचो. पानावर वीस ओळी होत्या त्याच्या बारा झाल्या, मग सहा, मग तीन. "गाडी लय लोकल झाली," ते म्हणायचे. शेवटी यंत्रातलं सगळ्यात मोठं अक्षर लागलं. पानावर एक शब्द. लांबलचक शब्द असला तर तोही मधूनच तुटून पुढच्या पानावर. बोट जिभेला, बटण, शब्द. बोट जिभेला, बटण, शब्द. आता पोखर्णी यायला महिना लागायचा. शब्दाशब्दाला थांबा, आणि तरी हा माणूस एकही थांबा सोडत नव्हता.

पावसाळा संपता संपता ते म्हणाले, "अजून एक घर वाढवा."

"वाढवतो की," मी म्हणालो. यंत्र घेतलं, इकडंतिकडं बटणं दाबली आणि होतं तसंच परत दिलं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, मग मांडीवर ठेवलं.

"झालं का मोठं?"

"हां. बरं झालं."

त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं नाही. बाकावर नुसते बसून राहिले. स्टँडवरून गंगाखेडची गाडी सुटली, तिच्याकडं त्यांनी कान केला.

मी आयुष्यात वाचलेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे चार्जरचं वॉरंटी कार्ड, तेही अर्धं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना मी बाकावर जाऊन बसलो, अक्षर लहान केलं आणि वाचायला लागलो. दोन भाऊ, एक विहीर आणि वीस वर्षांचा अबोला, असं ते पुस्तक. मी अडखळायचो. मास्तर माझं बोट पकडून बटणावर ठेवायचे. "आधी जिभेला लावा. त्याशिवाय पुढचं पान येत न्हाई."

रोज एक तास. पाहता पाहता दैठणा गेलं, खळी गेली. पूल दिसायला लागला तसा मी मुद्दाम हळू वाचायला लागलो. पुलावर ते थांबा म्हणणार. मग दुसरं पुस्तक, परत परभणी. पण तासाभरातच ते इतके थकायला लागले होते की आणखी एका परभणीची मला खात्री वाटेना.

म्हणून पंच्याण्णववर मी बटण दाबायचं सोडलं आणि पुस्तक स्वतःच पुढं चालवलं. थोरल्या भावाला हैदराबादला पाठवलं. तिथं त्यानं एका पैलवानाला चारी मुंड्या चीत केलं. नवाबानं खुश होऊन त्याला म्हैस दिली. म्हैस अशी की एका वेळेला दोन घागरी दूध, आणि उर्दूत हाक मारल्याशिवाय जागची हलत नसे. धाकट्याला मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, कापसाच्या ढिगात हरवलं आणि आठवड्यानं शोधून काढलं. हे असं पंधरा दिवस चाललं. मास्तर डोळे मिटून ऐकायचे.

एक दिवस डोळे न उघडता म्हणाले, "शेट, खळी जाऊन लय टाइम झाला."

"रस्त्याचं काम चालू आहे मास्तर. गाडी डायव्हर्शननं घेतलीय."

त्यांच्या मिशा हलल्या. "डायव्हर्शनला म्हैस लय भारी बसवली तुमी. तिचं तिकीट काढलंय का?"

"हाफ काढलंय."

"मंग चालू द्या. पुढं जागा हाय."

त्या म्हशीला हैदराबादहून परभणीपर्यंत चालवत आणायचा माझा बेत होता. ती नांदेडला पोचली त्या आठवड्यात मास्तर बाकावर आले नाहीत. दोन दिवस मी रस्त्याकडं पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी एक बाई रस्ता ओलांडून आली, हातात कापडी पिशवी. याही वेळी मला ओळखता आलं नाही. ती मास्तरांची लेक होती. झोपेतच गेले, म्हणाली. पिशवीतून तिनं यंत्र काढलं.

"बाबा फोनवर म्हणायचे, हे शेटकडं द्यायचं. गाडी पुलावर हुभी हाय म्हणायचे. मला काई समजलं न्हाई."

"मला समजलं," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी बाकावर जाऊन बसलो. यंत्र चालू केलं. पंच्याण्णव टक्के. बोट जिभेला लावलं आणि बटण दाबलं. फार पानं नव्हतीच. त्यात हैदराबाद नाही, पैलवान नाही, म्हैस नाही. थोरला भाऊ पहाटे विहिरीवर जातो, एक बादली पाणी शेंदतो, धाकट्याच्या उंबऱ्याजवळ ठेवतो आणि काही न बोलता परत येतो. संपलं. तळाला शंभर आलं.

गंगाखेड. मी यंत्र उलटंपालटं करून मागून पुढपर्यंत पाहिलं, काय राहिलं का. कोपऱ्याचा चरा होता, तो बँकेच्या बाईचा. मागं जायच्या बटणावरचा बाण नवाकोरा होता. पुढं जायच्या बटणावरचा पार पुसून गेला होता. तिथं नुसती गुळगुळीत गोटी.

घरी जेवताना मी बायकोला म्हणालो, "मला विचार, आज गाडीत काय राहिलं."

"कोणत्या गाडीत?" ती भाकरी वाढता वाढता म्हणाली. "आपल्याकडं तर मोटारसायकल हाय."

"तरी विचार," मी म्हणालो.