आईचे इंग्रजी घोडे

सत्तरी ओलांडल्यावर आमच्या आईला इंग्रजी शिकायची हुक्की आली. कारण साधं होतं. माझ्या भावाची, अण्णाची, नऊ वर्षांची मुलगी इंग्लंडात वाढलेली, तिला मराठी येत नाही. आईला कन्नड येतं, मराठी येतं. नातीशी बोलायला मात्र मध्ये मी लागायचे.

मी धारवाडच्या कोर्टात वकिली करते. दुसऱ्याच्या वतीनं बोलणं हाच माझा धंदा, त्यामुळे दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी फारच रंगात यायचे. आई एवढंच विचारायची, "जेवलीस का गं?" मी त्याचं इंग्रजी करताना शाळा, थंडी, दूध पिण्याचे फायदे, सगळं घालायचे. पोरगी "येस, आत्या" म्हणून गप्प व्हायची. एकदा फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "नात माझी आणि बोलणं तुझं. मला एकदा तरी तिच्याशी स्वतः बोलायचंय."

धारवाडच्या केलगेरी भागात, आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मास्तर संध्याकाळी पडवीत म्हाताऱ्यांना बोलायचं इंग्रजी शिकवतात. त्यांची पद्धत अशी, की महिन्याला एक जनावर घ्यायचं आणि त्याच्यावरचे सगळे वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात वापरायचे. आई गेली ती नेमकी घोड्याच्या महिन्यात.

झालं, घरात घोडे उधळले. शेजारची बातमी खुद्द शेजारणीच्या तोंडून ऐकली की आई म्हणायची, "स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ." शेजारणीला हे कुणी समजावून सांगितलं नाही ते बरंच झालं. मी घाई केली, की "होल्ड युअर हॉर्सेस", म्हणजे जरा दम धर. भूक लागली की घोडा खाईन म्हणायचं, हे मात्र तिला अजिबात पटेना. "शी. आपल्या घरात? मी म्हणणार, आय कुड ईट टेन भाकरीज." मास्तरांनीही हात टेकले.

फोन आला की मात्र तिची वाचा बसायची. इंग्रजी ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं. मग माझी गाडी पुन्हा सुरू.

मण्णेत्तिन अमावास्येला आमच्याकडे मातीचे बैल करून पुजतात. त्या वर्षी ती रविवारी आली. आई पाटावर बसून बैल घडवत होती आणि फोन आला. तिनं चिखलाच्या हातानंच बैल कॅमेऱ्यासमोर धरला. मान जरा लांब झाली होती आणि शिंगं लावायची राहिली होती.

"आज्जी, इज दॅट अ हॉर्स?" नात म्हणाली.

पोरीनं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी लगेच पुढे सरसावले. अमावास्या, शेती, बैलांचं महत्त्व, सगळं तोंडात तयार होतं. आईनं चिखलाचा तळवा माझ्यासमोर धरला.

"होल्ड युअर हॉर्सेस," ती म्हणाली. वर कन्नडही जोडलं, "सुम्मने कूडु." म्हणजे गप्प बस.

मी मागे सरकले. पलीकडे पोरगी इतकी हसली की अण्णा आतून धावत आला.

"नो हॉर्स. बुल," आई म्हणाली. "आय मेक हॉर्स. फॉर यू. ओके?"

व्याकरण कुठल्या कुठे गेलं. बैल बाजूला राहिला आणि घोडा सुरू झाला. नात तिकडून पाय लांब कर, शेपूट जाड कर असं सांगत होती, आणि आई "वेट, वेट" म्हणत माती थापत होती. मी पाण्याचा तांब्या आणून दिला. एवढंच काम मला उरलं होतं.

पण सवय जाते कुठे? घोड्याची आयाळ वाकडी झालेली पाहून मी म्हणालेच, "आई, तिला सांग की..."

"होल्ड युअर हॉर्सेस, आत्या," फोनमधून आवाज आला. "आज्जी इज टॉकिंग."

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. खटला हरून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.