अंजनीची मूठ

मलकापूरच्या पुढे घाटापर्यंत जेवढं रान आहे त्यातलं प्रत्येक झाड, आणि जगातल्या प्रत्येक मोडक्या ट्रकच्या कमानीतलं पोलाद, देवानं एक धड सुरी व्हावी एवढ्याचसाठी निर्माण केलं आहे, अशी पक्की समजूत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात. मामा जंगलखात्यात रोजंदारीवर वनमजूर होते. वणवा पसरू नये म्हणून गवत काढून पट्टे मोकळे करायचे, बुजलेल्या पायवाटा उघडायच्या, आणि पुण्या-मुंबईहून झाडं नि बेडूक मोजायला आलेल्या मंडळींना रानात नेऊन सगळ्यांना परत आणायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या घरी राहून मी शाळा शिकलो, त्यांच्या जिवावर कोल्हापुरात कॉलेज केलं. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, तो या माणसामुळे.

सुरी घ्यायची म्हणजे मामांचा अख्खा बाजारचा दिवस जायचा. लोहारापुढे पाच-सहा सुऱ्या मांडून ते उकिडवे बसत. आधी पातं उन्हात धरून पाठीवरून नजर टाकायची. मग नखानं टिचकी मारून कानाशी न्यायचं आणि आवाज पुरता विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग डोळे मिटून मूठ धरायची. एवढं झालं की पिशवीतून एक कैरी निघायची. साल न तुटता कैरी सोलली गेली तर सुरी निम्मी पास. एकदा लोहार वैतागून म्हणाला, "पावणं, सुरी न्ह्यायची हाय का तिच्यासंगं लगीन लावायचंय?" मामा डोळे न उघडता म्हणाले, "लगीन एकदा न बघताच लावलंय. म्हणून आता बघून घेतोय." शेजारी आत्या वांगी निवडत होती. तिनं एक किडकं वांगं हेरून मामांच्या पिशवीत टाकलं.

पात्याची लांबी आपल्या पंजाएवढी, हा त्यांचा कायदा. "त्येच्यापेक्षा लांब म्हंजे भांडणाला निघालायस," असं ते म्हणत. पाठ जाड हवी, कारण लाकूड फोडताना वरून ठोकायचं असतं. पात्याचं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं, अर्धवट घुसवलेलं नको, नाहीतर ऐन कामात पातं एकीकडे आणि मूठ एकीकडे. न गंजणाऱ्या चकचकीत सुऱ्यांचं तर त्यांना वावडंच होतं. मी पहिल्या शिष्यवृत्तीतून तसली एक मोठ्या हौसेनं आणली, तर त्यांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "बरी हाय. वाढदिवसाला केक कापाय."

सुरी जमिनीत खुपसून ठेवलेली त्यांना खपत नसे. सुरी या हातातून त्या हातात देत नसत. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. घरातल्या भाजीच्या सुरीलाही हाच नियम. आत्या म्हणायची, "पंचवीस वर्सं झाली, ह्या मानसानं माझ्या हातात कायसुदिक दिलं न्हाय. समदं खाली ठिवतोय." रानातून आलं की स्वतः पाणी प्यायच्या आधी सुरी पुसायची आणि तिला खोबरेल लावायचं. आत्याच्या वेणीपेक्षा त्या पात्याला जास्त तेल मिळायचं, आणि ही गोष्ट ती आल्यागेल्याला वेणी पुढे घेऊन दाखवायची.

एका पावसाळ्यात बेडूक मोजणाऱ्यांच्या टोळीत एक तरुण साहेब आले होते. त्यांच्या सुरीच्या मुठीत होकायंत्र होतं, पाठीला करवतीचे दात होते आणि टोपणात गळ नि दोरा होता. मामांनी आदरानं विचारलं, "सायेब, ह्यात रेडिओ लागतोय का?" दुपारी सगळे चिंब भिजून एका कपारीत अडकले. चहाला जाळ पेटेना. साहेबांनी करवतीनं ओलं लाकूड कापायला घेतलं आणि मूठ हातात राहिली. होकायंत्र मात्र अचूक उत्तर दाखवत होतं. मामा मला म्हणाले, "काय कॉलेज, बघत काय बसलायस? वरनं भिजलंय, आत कोरडं हाय. फोड की." मी त्यांची सुरी ओंडक्याच्या तोंडाशी लावून पाठीवर सोट्यानं ठोकत गेलो. आतून पिवळंधमक कोरडं लाकूड निघालं. मामांनी त्याच्या केसासारख्या पातळ ढलप्या काढल्या, एका काडीत जाळ झाला. त्या दिवशी नऊ माणसांनी चहा प्यायला आणि साहेबांनी मामांबरोबर फोटो काढला.

पण मामांचा खरा जीव मुठीत होता. पातं लोहाराचं, मूठ मात्र स्वतःच्या हातची. तीसुद्धा अंजनीचीच. अंजनीचं लाकूड लोखंडासारखं चिवट, घामानं निसटत नाही, पावसानं फुगत नाही. पौषात मनगटाएवढी जिवंत फांदी बघून तोडायची, चुलीवरच्या आढ्याला वर्षभर धुरात टांगायची, मग कोरायची. पडलेलं लाकूड चालत नाही. त्यात आत कुठंतरी किडा असतोच, आणि तो नेमका गरजेच्या दिवशी कळतो. अशा मुठी त्यांनी गावातल्या निम्म्या घरांना फुकट करून दिल्या होत्या.

आता माझं सांगतो. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी मामांवर लेख लिहिला. त्याला बक्षीस मिळालं, पानाच्या कोपऱ्यात माझा फोटो छापून आला. त्याच वर्षी खात्यात जुन्या रोजंदारांना कायम करून घेणार असल्याची बातमी आली. मामांची सगळी हयात त्या एका शब्दाकडे बघत गेली होती. कायम झालं की म्हातारपणी निवृत्तिवेतन, आजारपणाला आधार, आणि रानातून कुणी हाकलू शकत नाही. घरातला शिकलेला मी, तेव्हा अर्ज मी लिहिला. चांगल्या अक्षरात, समासासकट. आणि अर्जदाराची योग्यता कळावी म्हणून माझा तो लेख अर्जाला जोडला. मामांनी न विचारता सही केली. त्यांना सहीपुरतं लिहिता येत होतं, वाचता फारसं येत नव्हतं. लेख त्यांना वाचून दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. अर्ज वेळेत पोचवायची घाई होती.

पंधरा दिवसांनी खात्याच्या कचेरीत बोलावणं आलं. मामा नवा सदरा घालून आत गेले, मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं मलाही आत बोलावलं. तिथल्या साहेबासमोर माझा लेख होता आणि एका ओळीखाली लाल रेघ होती. राखीव जंगलातली अंजनीची जिवंत फांदी मामा दरवर्षी स्वतः तोडून आणतात, अशी ती ओळ. ती मी किती कौतुकानं लिहिली होती! साहेब माणूस वाईट नव्हता. मला म्हणाला, "अहो, हे तुम्हीच जोडलंय ना अर्जाला? आता मी वाचलंच नाही असं कसं करू?" मग आवाज खाली आणून त्यानं वाट काढली. फांदी तोडली नव्हती, पडलेलं लाकूड उचललं होतं, असं मामांनी लिहून द्यायचं. मग तो प्रकरण मिटवून टाकणार.

मी कागद पुढे ओढून लिहायला लागलोसुद्धा. मामा म्हणाले, "थांब. पडल्यालं लाकूड? सायेब, तसली मूठ मी आजपातूर कुनाला दिली न्हाय."

"अहो, फक्त कागदावर."

"कागदावर का असंना. लोकं वाचत्यात की कागद. आत्ताच बघितलं न्हवं?"

मी मामांच्या पाया पडलो. साहेबानं दोनदा समजावलं. मामा म्हणाले, "फांदी मी तोडली. एका झाडाची एकच, दुसऱ्या वर्साला दुसरं झाड. त्येची काय शिक्षा असंल ती द्या. पर गावातल्या मुठी पडल्याल्या लाकडाच्या हायत म्हनून सही करनार न्हाय." साहेबानं पुरावा म्हणून सुरी मागितली. मामांनी ती टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. बावीस वर्षांची रोजंदारी त्या दुपारी संपली. बरोबरचे बाकीचे पुढे कायम झाले.

मामांचा मुलगा उचगावात राहून कारखान्यात जातो. मामा-आत्या त्याच्याकडे गेले. मामांना एका अपार्टमेंटच्या फाटकावर बसवलं आहे. शिट्टी दिली आहे, काठी दिली आहे. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं, म्हणून येणाऱ्या गाड्यांचे नंबर दुसरा कुणीतरी वहीत लिहितो. आत्या माझ्याशी बोलायची थांबली. मी गेलो की पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत जायची. मामा मात्र होते तसेच राहिले. माझ्या लग्नात पुढच्या रांगेत बसले, दर दिवाळीला फोन करून फराळाला बोलावत राहिले. त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, लाजेनं मीही उघडलं नाही. मी चांगल्यासाठीच केलं होतं हे त्यांना ठाऊक आहे, एवढ्या एका आधारावर मी इतकी वर्षं स्वतःशी जुळवून घेत आलो.

मी आता कागलला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. यंदा मे महिन्यात आमच्या घराला रंग काढला तेव्हा मामा-आत्या राहायला आली होती. पुस्तकांच्या गठ्ठ्यात तो जुना अंक वर आला. मामांनी माझा फोटो ओळखला. "ह्योच व्हय त्यो?" मी मान हलवली. ते म्हणाले, "वाच की. सायबानं मला येकच ओळ वाचून दाखवलीती."

मी वाचायला लागलो. कपारीतला पाऊस, नऊ जणांचा चहा, लोहाराचं बोलणं, आत्याची वेणी. उद्या माझ्या पदवीवर नाव माझं आलं तरी ती या माणसाची असेल, हे शेवटचं वाक्य. मामा तंबाखू मळायचं थांबले होते.

"ह्ये समदं तवाच लिवलंतंस?"

"हो."

"मला वाटलं, तू माझी तक्रार लिवलीतीस." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला आधी कळलंच नाही. "मी म्हटलं, पोरगं शिकलंय. शिकल्याल्या मानसाला कायद्याचं लिवाय लागतच असंल. त्येच्यावर काय राग धरायचा?"

एवढी वर्षं तसं समजून हा माणूस मला दिवाळीला जेवायला घालत होता.

मामांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आगं, ऐकलंस का? ह्यानं तक्रार केली न्हवती." आत भांड्यांचा आवाज थांबला. कुणी बाहेर आलं नाही.

"परत वाच," मामा म्हणाले. "जरा मोठ्यानं. पंख्याच्या आवाजात तिला आत नीट आलं नसंल."

मी उठून पंखा बंद केला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा आत्या दाराला टेकून उभी होती.