उत्तमरावांचा उजवा हात

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. उत्तमरावांचा विषय निघाला की मी त्यांच्या होडीची गंमत सांगून लोकांना हसवत असे. गंमत खरी होती, पण अर्धी.

आम्ही दोघं जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचो. त्यांचं टेबल माझ्या शेजारी. पन्नाशीत त्यांचा उजवा हात थरथरू लागला. रेघ हलली की ते पेन ठेवून हाताकडे बघत बसत. साहेब त्यांना आवक-जावकच्या खुर्चीवर बसवणार, अशी कुजबुज होती. "हात गेला का राहिला, मलेच पाहू दे एकदा," म्हणून त्यांनी घरातल्या एका खोलीत होडी बांधायला घेतली. सागवानाच्या पातळ पट्ट्या चिकटवलेली, एका माणसापुरती, निमुळती कयाक. ती जमली तर टेबल सोडायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

शेजारी विचारत, "उत्तमराव, नागपूरले समुद्र कधी आणून राहिले?"

"अंबाझरीचा तलाव पुरते मले."

वहिनी आतून म्हणत, "पलंगाचा पाय हलून राहिला लग्नापासून, तो नाही बसवला. नाव बांधून राहिले!"

शेवटी होडीवर फायबरग्लासचं कापड पसरून इपॉक्सीचा पारदर्शक लेप लावायचा होता. ते पांढरं कापड भिजलं की दिसेनासं होतं आणि खालचं लाकूड उजळून वर येतं. "आपलं काम नाही दिसलं पाहिजे गा शरद," ते म्हणत, "लाकूड दिसलं पाहिजे."

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही ते केलं. इपॉक्सीच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर त्यांनीच मोजून ओतलं; माप चुकलं तर लेप बिघडतो. मी कापड ताणून धरलं, ते ब्रश फिरवत गेले. हात थरथरत होता, तरी एक बुडबुडा राहिला नाही. सागवानाची रेघ न् रेघ दिसत होती.  ते नुसते होडीभोवती फिरत राहिले.

मग त्यांना पुतण्याच्या हळदीसाठी उमरेडला जायचं होतं. वहिनी आधीच गेल्या होत्या, म्हणून होडीजवळ मी थांबलो. निघताना म्हणाले, "सुकेपर्यंत कूलर लावू नको गा. दमट हवेनं पांढरं पडते ते."

दुपारी खोली तापली. मी कूलर लावला. थोडाच वेळ, असं ठरवून आडवा झालो आणि झोपलो. उठलो तेव्हा होडीवर दुधाळ साय आल्यासारखी दिसत होती. मी कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी ते आले. दारातच थांबले.

"कूलर लावला होता काय गा?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग हार्डनर ओतताना हात हलला असन माझा."

घासून पुन्हा करता येईल, असं मी म्हणालो.

"कोन्या हातानं?"

सोमवारी त्यांनी स्वतःहून टेबल सोडलं. पुढे होडीला हिरवा ऑइलपेंट फासला. ती कधी पाण्यात गेली नाही. आवक-जावकच्या खुर्चीतूनच ते निवृत्त झाले.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. त्याच खोलीत ते पडून होते. मी वाक्य जुळवून गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लय उकडून राहिलं गा शरद. कूलर लाव."

मी उठून बटण दाबलं आणि परत येऊन बसलो. म्हणायचं राहूनच गेलं ते एवढंच: उत्तमराव, तुमचा हात हलला नव्हता. त्या दिवशीही बटण मीच दाबलं होतं. मला माफ करा.